मुक्त आज्ञावली आणि लेखणीचा अधिकार

ज्या ग्रंथात कोणीही दुरुस्ती सुचवावी अशी मुभा आहे, त्या ग्रंथावर अखेरची लेखणी कोणाची चालावी, हा आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे. ग्रंथ म्हणजे येथे संगणकाच्या आज्ञावलीचा ग्रंथ. तो लिहिणारे लोक निरनिराळ्या देशांत बसलेले, पुष्कळांनी एकमेकांचे तोंडही न पाहिलेले, आणि त्यांतील कित्येक वेतनावाचून काम करणारे. श्रोत्यांपैकी ज्यांच्या खिशात अँड्रॉइड जातीचा मोबाईल आहे, आणि आपल्या देशात बहुतेकांच्या खिशात तोच असतो, त्यांच्या खिशात अशा एका ग्रंथाचा, लिनक्सचा, गाभा आहे. तेव्हा हा विषय चार तंत्रज्ञांच्या घरगुती भांडणाचा आहे असे समजून कोणी मागल्या दाराने उठून जाऊ नये.

प्रश्न मात्र आपल्याला अगदीच अपरिचित नाही. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या सुमारे तीनशे वर्षे हातोहात उतरल्या गेल्या. उतरणाऱ्यांपैकी कोणाच्या चुका झाल्या, कोणी शहाणपण दाखविले, कोणी भक्तीच्या भरात स्वतःची ओवी मध्ये घातली. शके १५०६ मध्ये एकनाथमहाराजांनी बसून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात मिसळू नये अशी ताकीदही दिली. पोथीचे एक बरे होते की ती शुद्ध करून ठेवता आली. आज्ञावलीच्या ग्रंथाला ही सोय नाही. नवी यंत्रे येतात, जुने दोष सापडतात, आणि तो ग्रंथ रोज बदलावाच लागतो. बदलायचे थांबविले तर तो मरतो आणि वाटेल त्याला बदलू दिले तर बिघडतो. या दोहोंच्या मधली वाट लोकांनी कशी शोधली, त्याचा इतिहास आम्हांला सांगावयाचा आहे.

आरंभ एका साध्या सोयीपासून झाला. १९८५ साली लॅरी वॉल या अमेरिकन गृहस्थाने ‘पॅच’ नावाची एक लहानशी आज्ञावली लिहून सर्वांना देऊन टाकली. पॅच म्हणजे ठिगळ. तोवर दुसऱ्याच्या लिखाणात दुरुस्ती सुचवायची तर सगळी फाईल पाठवावी लागे, किंवा अमुक ओळीत अमुक बदल करा असे पत्र लिहावे लागे. आता फक्त फरकाच्या ओळी पाठवाव्यात आणि घेणाऱ्याने त्या एका हुकमाने आपल्या प्रतीत बसवून घ्याव्यात असे झाले. सुचविणे आणि स्वीकारणे या दोन क्रिया येथे स्वच्छ वेगळ्या झाल्या. आमच्या मते या चळवळीच्या इतिहासात ही गोष्ट पुष्कळ गाजलेल्या जाहीरनाम्यांहून मोलाची आहे. ठिगळ कोणीही पाठवावे. शिवून घ्यावे की नाही हे कापडाच्या मालकाने ठरवावे.

पण मालक कोण? बर्कली विद्यापीठाच्या परंपरेतून १९९३ मध्ये फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडी असे दोन प्रकल्प निघाले. त्यांनी एक मध्यवर्ती कोठार केले आणि निवडक माणसांना त्यात थेट लिहिण्याचा अधिकार दिला. या अधिकाराला त्यांच्या बोलीत ‘कमिट बिट’ म्हणतात. तो मिळवायचा तर आधी पुष्कळ ठिगळे पाठवावी लागतात, जुन्या मंडळींना आपले काम पटवावे लागते. अधिकार मिळाल्यावरही फ्रीबीएसडीत नवख्याच्या पाठीशी काही काळ एक मार्गदर्शक असतो, आणि त्याची संमती घेतल्यावाचून नवख्याने लिहू नये असा रिवाज आहे. एखादा दीर्घकाळ स्तब्ध राहिला तर अधिकार परत घेतला जातो. यात अपमान नसतो. २००० सालापासून तेथील मुख्य मंडळ हे लिहिणाऱ्यांच्या मतांनी निवडले जाऊ लागले. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या ग्रंथसंग्रहालयाच्या घटनेसारखीच ही व्यवस्था वाटते.

घटना आली की भांडण आलेच. डिसेंबर १९९४ मध्ये नेटबीएसडीच्या संस्थापकांपैकी एक, थिओ द राट, यांना मंडळातून राजीनामा द्यावयास सांगण्यात आले आणि कोठारात लिहिण्याचा त्यांचा अधिकार काढून घेण्यात आला. कारण त्यांच्या कामाचे नव्हते, बोलण्याचे होते. सहकाऱ्यांशी ते फार कडवटपणे वागतात असा आक्षेप होता. कोणाचे खरे, हे आज ठरवीत बसण्यात अर्थ नाही. परंतु पुढे जे झाले ते पाहण्यासारखे आहे. ग्रंथ मुक्त असल्यामुळे द राट यांनी त्याची प्रत घेतली आणि १९९५ साली ओपनबीएसडी हा निराळा प्रकल्प उभा केला. आपले कोठार वाचण्यापुरते त्यांनी कोणालाही खुले करून टाकले. लिहिणारे थोडे, पण पाहणारे वाटेल तितके. तोपर्यंत पुष्कळ प्रकल्पांत बाहेरच्याला अधूनमधून निघणारी तयार आवृत्तीच तेवढी मिळे, रोजचे काम पाहता येत नसे. लेखणी गमावलेल्या माणसाने वाचकाचा हक्क वाढविला.

त्याच सुमारास, फेब्रुवारी १९९५ मध्ये, आठ माणसांनी एकत्र येऊन अपाचे नावाचा गट केला. जाळ्यावरील पाने पुरविणारी एक आज्ञावली मूळ संस्थेने जवळजवळ वाऱ्यावर सोडली होती. जो तो आपापली ठिगळे लावून काम चालवीत होता. या आठ जणांनी ती ठिगळे एकत्र केली आणि एकही अध्यक्ष न नेमता मतदानाचा नियम केला. बदल घ्यायचा तर किमान तीन होकार हवेत, आणि एकाचाही नकार नको. नकार देणाऱ्याने तांत्रिक कारण दिलेच पाहिजे. कारणावाचून दिलेला नकार ग्राह्य नाही. पुढे काम वाढल्यावर दोन रीती पडल्या: जोखमीच्या बदलात आधी तपासणी आणि मग लेखन, किरकोळ बदलात आधी लेखन आणि मग तपासणी. एकाच घरात दिवाणखान्याला एक कुलूप आणि कोठीला दुसरे असावे, तसे हे. प्रत्येक बदलाची जोखीम सारखी नसते, हे त्यांनी कागदावर आणले.

लिनक्सची तऱ्हा न्यारी. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तो आरंभिला, आणि पहिली कित्येक वर्षे तेथे सामाईक कोठार असे नव्हतेच. जगभरचे लोक टोरवाल्ड्स यांना पत्राने ठिगळे पाठवीत, ते आपल्या मनाला पटतील ती घेत, आणि मधूनमधून सबंध ग्रंथ प्रसिद्ध करीत. किल्ली कोणालाच द्यायची नाही, म्हणजे हरवण्याचा प्रश्न नाही. पण एका माणसाचा दिवस चोवीस तासांचाच असतो. १९९८ च्या शरद ऋतूत ठिगळे हरवू लागली. तीच तीच पुन्हा पाठवावी लागत. लोक चिडले, टोरवाल्ड्सही चिडले आणि काही दिवस काम सोडून गेले. ‘एक लिनस पुरा पडत नाही’ अशा अर्थाचे वाक्य त्या काळी सर्वतोमुखी झाले होते. हळूहळू सरदारांची पद्धत रूढ झाली: जाळ्याचा विभाग एकाकडे, फाईलव्यवस्थेचा दुसऱ्याकडे, प्रत्येकाने आपल्या प्रांतातील ठिगळे पारखावीत आणि वेचलेली वर पाठवावीत. २००२ मध्ये बिटकीपर नावाचे एक खासगी मालकीचे साधन या कामी घेतले गेले, त्यावरून बरीच धुसफूस झाली, आणि २००५ च्या एप्रिलमध्ये त्याच्या फुकट वापराची सवलत बंद झाल्यावर टोरवाल्ड्स यांनी काही दिवसांतच ‘गिट’ हे स्वतःचे साधन लिहून काढले. गिटमध्ये प्रत्येकाजवळ संपूर्ण ग्रंथाची, सर्व इतिहासासह, प्रत असते. आपल्या प्रतीत वाटेल ते करावे, कोणाची परवानगी लागत नाही. मुख्य प्रतीचा धनी मात्र ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याकडूनच बदल ओढून घेतो. अधिकार मागण्याची गोष्टच त्यामुळे बरीचशी संपली. मागायची ती दुसऱ्याची नजर. आम्हांला स्वतःला ही व्यवस्था बर्कलीच्या किल्लीपेक्षा अधिक समंजस वाटते, जरी तिच्यात एकाच माणसावर फार भार पडतो हे नाकारता येत नाही.

या व्यवस्थेची एक परीक्षा गिटच्याही आधी, नोव्हेंबर २००३ मध्ये, झाली होती. ती सविस्तर सांगण्याजोगी आहे. बिटकीपर न आवडणाऱ्यांच्या सोयीसाठी लिनक्सची एक दुय्यम प्रत जुन्या पद्धतीच्या कोठारात ठेवलेली असे. मुख्य प्रतीतून ती आपोआप तयार होई. एक दिवस त्या दुय्यम प्रतीत दोन ओळी जास्त आढळल्या. वरवर पाहता त्या ओळी म्हणजे एक चौकशी होती: मागणाऱ्याने अमुक दोन खुणा एकदम दिल्या असतील आणि त्याचा क्रमांक शून्य असेल, तर चूक झाली असे कळवा. यंत्राच्या सर्वाधिकारी धन्याचा क्रमांक शून्य असतो. आता ‘सी’ या संगणकभाषेत दोन संख्या समान आहेत का हे विचारायचे तर बरोबरीची चिन्हे दोन काढतात. एकच काढले तर तो प्रश्न राहत नाही, हुकूम होतो. तेथे चिन्ह एकच होते. म्हणजे ‘तुझा क्रमांक शून्य आहे का?’ असे न विचारता ‘तुझा क्रमांक शून्य कर’ असे म्हटले गेले होते. त्या दोन खुणा ज्याला ठाऊक, तो क्षणात यंत्राचा धनी झाला असता. आणि हुकमाचे फळ शून्य आल्यामुळे चुकीची सूचनाही कोणाला मिळाली नसती.

ही कारागिरी पकडली गेली ती कोणा तीक्ष्ण नजरेच्या वाचकाने ते चिन्ह पाहिले म्हणून पकडली गेली नाही. दुय्यम प्रतीतील प्रत्येक बदलाला मुख्य प्रतीतील जन्माचा दाखला जोडलेला असे. या बदलाला दाखला नव्हता. बिटकीपरचे कर्ते लॅरी मॅकव्हॉय यांनी ती विसंगती उघड केली आणि मग लोकांनी ओळी नीट वाचल्या. मुख्य प्रतीला धक्काही लागला नव्हता. चोर कोण, हे कधी बाहेर आले नाही. दाखल्याचे महत्त्व निराळ्या कारणाने लगेच पुन्हा पटले: लिनक्समध्ये आमचे लेखन चोरले आहे असा दावा एका कंपनीने २००३ साली लावला, आणि २००४ पासून प्रत्येक ठिगळाखाली पाठवणाऱ्याची आणि ते पुढे नेणाऱ्या प्रत्येकाची सही असलीच पाहिजे असा नियम झाला.

येथवर ऐकून वाटेल की धोका बाहेरच्या परक्याकडूनच असतो. इतिहास तसे सांगत नाही. डेबियन या प्रकल्पात २००६ साली काय घडले ते पाहा. गुप्त किल्ल्या तयार करणाऱ्या ओपनएसएसएल या आज्ञावलीवर व्हॅलग्रिंड नावाचे तपासयंत्र कुरकुर करीत होते: न भरलेली स्मृती वापरली जात आहे. डेबियनच्या वतीने ती सांभाळणाऱ्या गृहस्थाने शोध घेतला, कुरकुर दोन ओळींमुळे होते असे त्याला आढळले, आणि त्या काढल्या तर चालेल का असे त्याने मूळ लेखकांच्या पत्रमंडळात विचारलेही. उत्तर होकारासारखे आले. ओळी गेल्या, कुरकुर थांबली. त्या ओळींपैकी एकीतूनच किल्लीतील यादृच्छिकता आत येत होती हे कोणाच्या ध्यानात आले नाही. परिणामी किल्ली बनविताना वेगळेपण उरले ते फक्त त्या क्षणी यंत्राने कामाला दिलेल्या क्रमांकाचे, आणि असे क्रमांक जेमतेम ३२,७६७. ज्या कुलपाच्या किल्ल्या आकाशातील ताऱ्यांहून अधिक असाव्यात, त्याच्या एका जातीच्या सगळ्या किल्ल्या एका पेटीत मावू लागल्या. हे उघडकीस आले मे २००८ मध्ये. मधली जवळजवळ दोन वर्षे डेबियनवर आणि त्यावरून काढलेल्या उबुंटूवर बनलेली प्रत्येक अशी किल्ली फेकून द्यावी लागली. येथे कोणाचा हेतू वाईट नव्हता. अधिकारही रीतसर होता, विचारपूसही झाली होती. विचारणारा डेबियनचा होता, उत्तर देणारे ओपनएसएसएलचे; ज्याला ओळींचा अर्थ ठाऊक त्याने बदल पाहिला नाही, आणि ज्याने बदल केला त्याला अर्थ ठाऊक नव्हता.

मिनेसोटा विद्यापीठातील काही संशोधकांनी लिनक्सच्या पहारेकऱ्यांना जोखण्यासाठी मुद्दाम सदोष ठिगळे पाठविली, ते प्रकरण एप्रिल २०२१ मध्ये पेटले. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी सबंध विद्यापीठाचे लेखन घेणे बंद केले, आणि त्या विद्यापीठातून आलेले चारशेहून अधिक जुने बदल स्वयंसेवकांना पुन्हा तपासत बसावे लागले. त्यातले बहुतेक निर्दोष निघाले. संशोधनाच्या नावाने दुसऱ्याच्या फुकट श्रमाची केलेली ही चैन आम्हांला मुळीच पटत नाही. परंतु सदोष ठिगळ सभ्य भाषेत पाठविले तर ते आत जाण्याची शक्यता असते, ही शंका या प्रकाराने अनेकांच्या मनात घर करून गेली.

ती शंका साधार ठरली तो प्रसंग मार्च २०२४ मधला. ‘एक्सझेड’ ही फाईल लहान करून ठेवणारी एक जुनी, निमूटपणे काम करणारी आज्ञावली. जवळजवळ सर्व लिनक्स यंत्रांवर ती असते, आणि कित्येक वर्षे ती मुख्यतः एकच माणूस सांभाळीत होता. २०२१ च्या अखेरीस ‘जिआ तान’ या नावाने तेथे ठिगळे येऊ लागली. ठिगळे चांगली होती. २०२२ च्या वसंतात दुसऱ्या काही नावांनी तक्रारी सुरू झाल्या: काम फार हळू चालले आहे, जोपासकाला रस उरलेला नाही, दुसऱ्या कोणाच्या हाती कारभार द्यावा. त्यांतले एक नाव ‘जिगर कुमार’ असे चक्क आपल्याकडच्या वळणाचे होते. ही नावे त्याच कारस्थानाची सोंगे असावीत असे आता मानले जाते. जोपासकाने प्रकृतीचे कारण सांगितले, आणि हे बिनपगारी, हौसेचे काम आहे याची नम्रपणे आठवण दिली. त्याच पत्रव्यवहारात त्याने असेही कळविले की जिआ तान यांची मदत होते आहे, पुढे त्यांना अधिक वाटा देण्याचा विचार आहे. २०२३ पासून त्या नावाला लेखनाचाच नव्हे तर आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचाही अधिकार मिळाला.

वेढा घालून गड घेण्याची कला आपल्या इतिहासात पुष्कळ वर्णिली आहे. येथे दोन वर्षे चाकरी करून गडाच्या किल्ल्या घेतल्या गेल्या. एका थकलेल्या माणसाला मदतीचा हात देऊन त्या घेतल्या गेल्या, हे अधिक कडू आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० आणि मार्चमध्ये ५.६.१ या आवृत्त्या निघाल्या. त्यांत चोरदरवाजा होता. दूरच्या यंत्रावर प्रवेश देणारी जी ‘एसएसएच’ नावाची देवडी असते, तिच्यातून एका विशिष्ट गुप्त किल्लीच्या धन्याला वाटेल तो हुकूम चालविता यावा अशी ती रचना होती. विष लपविले होते चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या फाईलींत, ज्या मुद्दाम बिघडलेल्या असतात आणि म्हणून कोणी उघडून वाचत नाही. ते विष बाहेर काढून मिसळणारी ओळ तर सर्वांच्या डोळ्यांदेखत असलेल्या कोठारात नव्हतीच. फक्त प्रसिद्ध केलेल्या गाठोड्यात होती. १९९५ पासून लोकांना वाचावयास खुले झालेले कोठार आणि लोक प्रत्यक्षात उतरवून घेतात ते गाठोडे या दोहोंत फरक असू शकतो, इकडे फारसे कोणी लक्ष दिले नव्हते. लक्ष दिले असते तर २००३ च्या दाखल्याची युक्ती येथेही लागू पडली असती.

सापडले कसे? आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या विदागाराचे एक लेखक. आपल्या यंत्रावर वेग मोजत असता त्यांना दिसले की देवडीतून प्रवेशाला पूर्वी सुमारे ०.३ सेकंद लागे, तेथे आता ०.८ लागतात. अर्ध्या सेकंदासाठी कोणी चौकशी करील काय? त्यांनी केली. काही आठवड्यांपूर्वी व्हॅलग्रिंडने केलेली एक विचित्र कुरकुरही त्यांना आठवली. अठरा वर्षांपूर्वी ज्या तपासयंत्राची कुरकुर बंद करण्याच्या नादात डेबियनच्या किल्ल्या गेल्या, तेच हे तपासयंत्र. दोन्ही माग जुळवीत ते एक्सझेडपर्यंत पोहोचले, आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सगळे जाहीर केले. डेबियन आणि फेडोरा यांच्या चाचणीच्या प्रतींत हे विष पोहोचले होते. सर्वसामान्यांच्या स्थिर प्रतींत पोहोचायला काही महिनेच उरले असावेत.

या प्रकारानंतर उपाय पुष्कळ सुचविण्यात आले. दोन सह्यांवाचून आवृत्ती निघू नये. गाठोडे कोठारातूनच, कोणालाही पडताळून पाहता येईल अशा रीतीने तयार व्हावे. न वाचता येणाऱ्या फाईली आत घेऊ नयेत. उपाय चांगले आहेत आणि काही ठिकाणी अमलातही आले. पण दोन सह्यांना दोन माणसे लागतात. २०१४ साली ओपनएसएसएलमध्ये ‘हार्टब्लीड’ हा भयंकर दोष सापडला, तेव्हा अर्ध्या जगाची कुलपे सांभाळणाऱ्या त्या प्रकल्पाला वर्षाकाठी देणगी म्हणून मिळत होते सुमारे दोन हजार डॉलर. तो दोष आत आला तेव्हा तपासणी झाली होती. तपासणारा होता एक. एक्सझेडपाशी तर दुसरा माणूस म्हणून जो आला तोच जिआ तान होता.

त्या नावाचा माणूस आजवर कोणाच्या हाती लागलेला नाही. त्याची खाती बंद झाली. त्याचे लेखन पुढे पुष्कळांनी ओळ न् ओळ चाळले, तेव्हा त्यातील बराच भाग खरोखरीच उपयोगी, नेटका आणि निर्दोष असल्याचे दिसून आले. चोरदरवाजा काढून टाकलेली ५.६.२ ही आवृत्ती २९ मे २०२४ रोजी प्रसिद्ध झाली. ती काढली त्या मूळ जोपासकानेच, पूर्वीसारखीच आपल्या हौसेच्या वेळात.